चाळिसाची व्हॅन

शाळेच्या व्हॅनला स्पीड लिमिटर होता. काटा चाळिसावर पोचला की तो इंजिनाचं इंधनच आवरतं घ्यायचा. मग ड्रायव्हरने पाय कितीही दाबला तरी वेग तसूभर वाढत नसे. त्याच भरवशावर ती लेकीला रोज त्या गाडीत बसवायची. आज मात्र व्हॅन वळणावरून भर्रकन आली आणि लेक कपाळावर टेंगूळ घेऊनच उतरली, तेव्हा तिने ड्रायव्हरकाकांना तिथेच थांबवलं.

"काका, लिमिटर चालू आहे ना?"

"नाही ताई. मागच्या सोमवारी त्याची वायर काढली."

ती भडकली. "अकरा लेकरं असतात आत. स्वतःचं नातवंड असतं तर काढली असती?"

"हौस नाही मला. आता सकाळी पाऊण तासाचा रस्ता अर्ध्या तासात कापायचाय, तो चाळिसाने कसा कापू? मग परतीलाही पाय तसाच पडतो. पालकांनीच तसं मागितलंय. लेखी आहे माझ्याकडे."

"असले पालक? पोटची पोरं आहेत की उकिरड्यावर सापडलेली? दाखवा बघू."

काकांनी कप्प्यातून चुरगळलेला कागद काढून तिच्या हातात दिला. 'मुलांची झोप पुरी होत नाही. तरी व्हॅन सातऐवजी सव्वासातला यावी, मात्र शाळेत पोचायची वेळ चुकू नये.' खाली अकरा सह्या होत्या.



अर्ज तिच्याच अक्षरात होता.