पट्टीतला पिवळा दिवा

रैनूच्या दोन वर्षांच्या मुलीच्या दंडावरची, रक्त तपासून दिवा लावणारी पट्टी तीन दिवस हिरवी होती. हिरवं म्हणजे हिवताप नाही, घाबरू नका, असं गावची आशा सेविका सुमित्रा नरोटे हिला प्रशिक्षणात शिकवलं होतं. तिने तेच गावातल्या आयांना शिकवलं. म्हणून अंग भाजत असूनही रैनूने मुलीला दवाखान्यात नेलं नाही. चौथ्या दिवशी मुलगी गेली.

आठवड्याने पट्ट्या तपासायला जिल्ह्याहून तंत्रज्ञ आला. रैनूच्या अंगणात, तिच्या आणि सुमित्राच्या समोर बसून त्याने ती पट्टी यंत्राला लावली.

"पट्टीला पहिल्याच दिवशी कळलं होतं," तो सहज म्हणाला. "रक्तात जिवाणू होते."

"मग दाखवलं का नाही?" सुमित्राने विचारलं.

"जिवाणूंचा पिवळा दिवा आम्ही बंद ठेवलाय, ताई. योजना हिवतापाची आहे. पिवळा लागला की सगळे दवाखान्यात येतात, आणि तिथे खाटा नाहीत."

रैनूला मराठी येत नव्हती. "काय म्हणतोय?" तिने आपल्या माडिया बोलीत विचारलं.

आजवर साहेबांचं प्रत्येक बोलणं सुमित्रानेच तिला माडियात सांगितलं होतं. हिरव्या दिव्याचंसुद्धा.

तंत्रज्ञ घाईने उठला. सुमित्राने त्याची बॅग धरली.

"बसा साहेब. पुन्हा सांगा, हिच्याकडे बघून. मी एक शब्दही गाळणार नाही."