विहीणबाईंचा बंकर

खालच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याच्या दुकानातून, दही घेऊन कुमुद वर आली, तेव्हा फ्लॅटमध्ये कोणीच दिसेना. टीव्हीवर बगदाद जळत होतं. युद्धाचा तिसरा दिवस. दम्यामुळे आज शाळेत न गेलेली सहा वर्षांची नात अस्मी आणि तिला सांभाळत बसलेल्या विहीणबाई, दोघींचा पत्ता नव्हता. चपला मात्र दाराशीच होत्या.

कोठीच्या खोलीचं दार आतून बंद होतं. खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबलेला होता. कुमुदनं दार वाजवलं.

"आजी, डोन्ट ओपन," आतून अस्मी म्हणाली. "गॅस विल कम." आणि खोकली.

हा खोकला कुमुदच्या ओळखीचा होता. त्या खोलीला खिडकी नव्हती, आणि अस्मीचा पंप बाहेर डायनिंग टेबलावर पडला होता.

विहीणबाई, द्रिता त्यांचं नाव, अल्बानियाहून लेकीकडे अबुधाबीला आल्या होत्या. साम्यवादी राजवटीत तिकडे शेताशेतात, दारादारांत काँक्रीटचे बंकर बांधले होते. सून एल्मा सांगायची, घरासमोरच्या बंकरची किल्ली एकोणीस वर्षं आईकडे होती. तो झाडायचा, पाणी भरून ठेवायचं, भोंगा वाजला की आळीतली मुलं मोजून आत घ्यायची. शत्रू काही आलाच नाही. राजवट गेली, बंकरमध्ये शेजाऱ्यांच्या शेळ्या बसू लागल्या, तरी आई रोज सकाळी जाऊन तो झाडून येते. हे ऐकून कुमुदला तेव्हा हसू आलं होतं.

तिनं मुलाला, संग्रामला, ऑफिसात फोन लावला. मीटिंगमधून उठून त्यानं एल्माला कळवलं आणि कुमुदला उलट फोन केला.

"आई, प्लीज, दार ठोकत बसू नकोस. त्या आणखी घाबरतील. एल्मा हॉस्पिटलच्या ड्यूटीवरून निघालीय. अर्ध्या तासात पोचेल, इन्शाल्ला."

अर्ध्या तासात तो खोकला कुठवर जातो, हे कुमुदला ठाऊक होतं.

विहिणीची भाषा तिला येत नव्हती. दोघींचं जे काही बोलणं व्हायचं ते अस्मीच्या तोंडून. पंप मुठीत धरून ती फरशीवर बसली आणि दाराला तोंड लावून म्हणाली, "अस्मी बाळा, त्या आजीला सांग, तुझं औषध आणलंय. दार उघडा म्हणावं."

आत कुजबुज झाली. मग धापा टाकत अस्मी म्हणाली, "शी इज आस्किंग, हाउ मेनी पीपल आर आउटसाइड?"

"मी एकटीच आहे गं."

पुन्हा कुजबुज. "देन कम इन. फास्ट."

कुमुदनं मनाशी ठरवलं होतं, दार उघडलं की पोरीचा दंड धरायचा आणि तिला बाहेर ओढायचं. कडी निघाली, ती आत शिरली. आत तांदळाचं पोतं भिंतीशी सरकवलेलं होतं, पाण्याच्या बाटल्या ओळीनं लावलेल्या होत्या आणि अस्मीच्या तोंडावर ओला रुमाल बांधलेला होता. तो सोडून तिनं पोरीला दोनदा पंप दिला. घरघर हळूहळू उतरली. विहीणबाईंनी आपलं स्टूल कुमुदपुढे सरकवलं आणि स्वतः खाली बसल्या. घरात आल्यापासून पहिल्यांदाच त्या कुठेतरी नीट बसल्यासारख्या दिसत होत्या.

कुमुदनं नातीचा दंड धरला.

तेवढ्यात इमारतीवरून विमान गेलं. विमानं रोजच जात. पण हे फार खालून गेलं. फळीवरचे डबे वाजले. विहीणबाईंनी वर पाहिलं नाही, कुमुदकडे पाहिलं.

दार अजून वीतभर उघडं होतं. फटीतून हॉलमधलं ऊन आत आलं होतं. कुमुदनं दंड सोडला, हात लांब केला आणि दार ओढून आतून कडी लावली.