रंभाबाई काय बोलली

रंभाबाईच्या पत्राला वामनरावांनी उत्तर दिले नव्हते, याला तीन महिने होऊन गेले होते. पत्र टेबलाच्या डाव्या खणात, शब्दकोशात घालून ठेवलेले होते. तेव्हापासून वामनराव उजवाच खण उघडत.

आज शनिवारी मौद्याकडच्या सावळटोलीचे ग्रामसेवक शालिकराम नागपूरच्या कचेरीत आले आणि शाळेच्या खोलीची फाईल त्यांनी वामनरावांपुढे उघडून ठेवली.

"सही मारा साहेब. सोमवारी पाया खोदाचा हाय. सभापती नारळ फोडाले येऊन राहिले."

खोली नाल्यापलीकडे बांधायची होती. वस्ती सगळी अलीकडे. पावसाळ्यात नाला छातीइतका चढे. पण गावाने १८ जुलै १९७४ च्या ग्रामसभेत तीच जागा एकमताने पसंत केली होती. तसा वृत्तांत फाईलला लावलेला होता, आणि तो वामनरावांनीच लिहिलेला होता. ते पंचायतीचे विस्तार अधिकारी. शालिकरामांचे लिहिणे कच्चे, म्हणून मसुदा दरवेळी त्यांच्याकडेच येई. नुसते 'ठराव मंजूर' त्यांना रुक्ष वाटे. त्यात एखाद्या बाईचेही नाव असावे असे वरून सांगणे होते. हजेरीच्या अंगठ्यांच्या यादीतले एक नाव उचलून त्यांनी लिहिले होते : 'श्रीमती रंभाबाई यांनी सदर जागा मोकळी व हवेशीर असून मुलांच्या आरोग्यास पोषक असल्याचे प्रतिपादन केले.' वाक्य त्यांना आवडले होते. दोनदा वाचले होते.

"शालिकराम, ती सभा भरली होती का हो?"

"काय साहेब! ऐन रोवण्याची तारीख टाकली तुम्ही. बाया-माणसं सारी धानाच्या बांधीत. सभेले काय बेडकं येतीन?"

"मग ते एक्केचाळीस अंगठे?"

"कोतवाल फिरला ना रजिस्टर घेऊन. लोकं सभेले येत नाही, तं सभाच लोकांच्या घरी गेली, असं समजा." शालिकराम स्वतःच हसले. "दरसाल असंच चालते. आजच काहून आठवून राहिलं तुम्हाले?"

वामनरावांनी डावा खण उघडला. पत्र काढून त्यांच्यापुढे धरले. अक्षर पोस्टमनचे होते, बोलणे रंभाबाईचे.

'साहेबाले नमस्कार. सभेच्या दिवशी मी बांधीत धान रोवून राहिली होती. अंगठा माहाच हाय. कोतवाल राशनचा कागद म्हणून घेऊन गेला. पण रजिस्टरात मी बोलली असं लिवलं हाय म्हणते. आता बाया मले वाटेत अडवते. तूच बोलली ना वं, म्हणते, आता तूच पोरं नाल्यापार ने. तं मी काय बोलली, तेवढं लिहून धाडा.'

शालिकरामांनी पत्राची घडी केली.

"याले जबाब देऊ नका साहेब. कचेरीच्या कागदावर लिहून द्याल, तं ठराव पडन. मंग खोटं कोणी लिवलं, म्हणून चौकशी. दोन महिने राहिले तुमच्या पेन्शनले. मी चहा सांगून येतो, तोवर सही करून ठेवा."

ते गेले. वामनरावांनी कोरा कागद घेतला. 'आपल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की' एवढे लिहून झाले. मग त्यांना आठवले, रंभाबाईला वाचता येत नाही. हे कोणीतरी तिला वाचून दाखवणार. त्यांनी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला.

'रंभाबाई, तुम्ही काहीच बोलला नाहीत. सभा झालीच नाही. तुमच्या नावाचे ते वाक्य मी इथे टेबलाशी बसून लिहिले. चूक माझी आहे. खोलीची जागा अजून ठरलेली नाही. धानाची कापणी उरकली की सोयीचा दिवस तुम्ही सगळ्यांनी ठरवा आणि कळवा. मी येईन. तुम्ही बोलाल तेवढेच लिहून घेईन.'

खाली सही केली, हुद्दा लिहिला. गोल शिक्का पुसट उठला. त्यांनी तो पुन्हा मारला.

शालिकराम चहा घेऊन आले.

"झाली सही?"

"झाली."

शालिकरामांनी फाईल पाहिली. सहीची जागा कोरी होती. मग त्यांचे लक्ष वामनरावांच्या हातातल्या पाकिटाकडे गेले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"ते मले द्या ना साहेब. मी आजच गावी चाललो. तिच्या हातात देतो."

वामनरावांनी जन्मभर कोणी काही मागितले की देऊन टाकले होते. त्यांनी पाकीट छातीशी धरले.

"नको. पोस्टाने जाऊ द्या."

"साहेब, तिथं पोस्टमन पारावर बसून मोठ्यानं वाचते. सारं गाव जमते ऐकाले. बोभाटा होईन तुमचा!"

वामनराव दारात थांबले.

"किती माणसं जमतात?"

"कचेरीचं पाकीट म्हटलं तं सारेच येतीन. बायाही येतीन. काहून?"

वामनराव जिना उतरून रस्त्यावर आले. लाल पेटीच्या तोंडात त्यांनी हात घातला, पाकीट आत पडल्याचा आवाज ऐकला, आणि मगच हात बाहेर काढला.