रुझेनाचा ठावठिकाणा

“आजोबा, बाई इथे गायब होते,” इशिताने टेबलावरच्या कागदावर बोट टेकवले. “हा रुझेनाचा बर्थ रेकॉर्ड. नाइन्टीन थर्टी-सिक्स. आणि हे पुढच्या पिढीचं सर्टिफिकेट. यावर आईचं नाव वेगळंच. मध्ये काही नाही. झीरो.”

देवदत्त आगाशे यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. पुण्यात छत्तीस वर्षे संस्कृत शिकवून ते निवृत्त झाले होते आणि २००५च्या त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळच्या आयसेलिनला, मुलीच्या घरी, सपत्नीक सुखाने राहत होते. नातीच्या चेक नागरिकत्वाचे प्रकरण निघाले आणि निवृत्ती संपुष्टात आली. मोराव्हियातल्या एका खेड्यातून आलेली ती जुनी जन्मनोंद ते पोथीच्या निष्ठेने वाचत असत.

“हा शब्द पाहा. ‘त्सेरा’, म्हणजे लेक. आपल्या दुहितेचीच ही धाकटी बहीण. बाप जोसेफ व्राना, म्हणून लेक व्रानोवा. केवढा सुरेख स्त्रीप्रत्यय!”

“आजोबा, प्रत्ययावर पासपोर्ट मिळत नाही.”

“नसेल मिळत. संधी तर जुळेल?”

इशिता हसली, पण तिचे डोळे कागदावरच होते. प्रागजवळच्या काचकामाच्या विद्यालयात तिची निवड झाली होती. ती जागा मात्र त्या देशाच्या नागरिकासाठी राखीव होती. रुझेनाचा आणि इशिताचा रक्तसंबंध शुक्रवारपर्यंत सिद्ध झाला नाही, तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

इशिताचे वडील डॅनियल हे सहा फूट उंचीचे, पिंगट केसांचे, पेनसिल्व्हेनियात वाढलेले गृहस्थ. त्यांनी केव्हाच हात वर केले होते. “या बाबतीत बाबाच खरे जाणकार,” असे म्हणून ते अंगणातले गवत कापायला निघून जात.

जेवढे ठाऊक होते तेवढे थोडकेच होते. रुझेना तीन वर्षांची असताना युद्ध उंबरठ्याशी आले. जोसेफ व्राना बायको-मुलीला घेऊन पूर्वेकडे निघालेल्या जहाजात चढला. मागे राहिलेले गणगोत त्या युद्धातून वाचले नाही.

“अहो,” स्वयंपाकघरातून उत्तराबाईंचा आवाज आला, “त्या नावानं हाक मारणारी सगळी माणसं गेली. आता कशाला उकरता?”

“पोरीसाठी गं.”

“पोरीसाठी मी मोदक करतेय. तुम्ही खुशाल कागद खा.”

साडीला फॉल लावून घेऊन आलेली रुपाली तेवढ्यात दारात उभी राहिली. ओक ट्री रोडवर तिचे साडीचे दुकान होते आणि जिभेला हाड नव्हते. ताटातला मोदक तिने फोडला आणि ती थबकली.

“काकू, मोदकात आलुबुखार? वर खसखस? ही कुठली रीत?”

“आमच्या माहेरची.”

“तरीच! तुमच्या घाऱ्या डोळ्यांवरून मी कधीच ओळखलं होतं, कोकणस्थ म्हणून. माहेर कुठलं, चिपळूण की गुहागर?”

“त्याच्याही पलीकडचं,” उत्तराबाई म्हणाल्या. “अजून एक घे. पहिल्याला नाक मुरडणारी दुसऱ्याला नाही म्हणत नाही.”

रुपालीने खरोखरच दुसरा घेतला.

कुटुंबातल्या वडीलधाऱ्या माणसाचे प्रतिज्ञापत्र कदाचित चालेल, असे वकिलातीतून कळले होते. गुरुवारी सकाळी स्नान आटोपून देवदत्त लिहायला बसले. जन्मात त्यांनी खोटे लिहिले नव्हते. त्यामुळे चार ओळींना दोन तास लागले. रुझेनाला पुन्हा जागे न करता पोरीचे काम व्हावे, एवढीच त्यांची इच्छा होती. लिहून झाल्यावर त्यांनी कागद देवापुढे ठेवला, आणि मग उत्तराबाईंपुढे.

त्यांनी तो दोनदा वाचला. “खरं आहे ते लिहिलंय,” एवढेच त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “मीही येते उद्या. पोरीच्या पोटात काही जायला नको?”

शुक्रवारी तिघेजण गाडीने न्यूयॉर्कला गेले. वकिलातीच्या दालनात उत्तराबाई मागच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसल्या. इशिता आणि देवदत्त काचेच्या खिडकीपाशी उभे राहिले. पलीकडच्या अधिकारी बाई मध्यम वयाच्या, सौम्य चेहऱ्याच्या होत्या. त्यांनी प्रतिज्ञापत्र सावकाश वाचले.

“नाव बदलल्याचा सरकारी दाखला नाही?” त्यांनी विचारले.

“नाही,” देवदत्त इंग्रजीत म्हणाले. “त्या काळी असा कागद कुणी करत नसे.”

“आपण लिहिलंय फार सुंदर. पण नियम असा, की ती व्यक्ती हयात असेल तर तिचीच सही लागते. माझ्यासमोर. आणि आमची वेळ संपायला वीस मिनिटं आहेत.” बाईंनी चष्म्यावरून पाहिले. “रुझेना व्रानोवा हयात आहेत का?”

इशिताने आजोबांची बाही घट्ट धरली.

देवदत्तांनी बोटातली अंगठी एकदा फिरवली. हिच्याच कडेने सत्तेचाळीस वर्षांपूर्वी, होमाच्या धुरात बसून, त्यांनी ताटातल्या तांदळांवर आपल्या नवरीचे नवे नाव कोरले होते. ते मागे वळले.

“रुझेना,” त्यांनी हाक मारली.

“आले हो,” म्हणत उत्तराबाईंनी डबा बाकावर ठेवला आणि पदर सारखा करून त्या उठल्या.