परिसंवाद चालू आहे

“बाई, ही माझी चौथी खेप. साहेब दर वेळी मीटिंगमध्येच,” सभागृहाच्या दाराबाहेरच्या बाकावर बसलेला कारखानदार कुरकुरला. विद्यापीठातल्या प्राध्यापिकेनं बनवलेलं शेंगा फोडायचं यंत्र त्याला आपल्या कारखान्यात तयार करायचं होतं. आज करारावर साहेबांची सही झाली नाही, तर उद्या तो दुसरीकडचं घेणार होता.

तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालयाच्या क्लार्कबाई त्याची चिठ्ठी घेऊन सभागृहात शिरल्या. साहेबांनी न बघताच ‘नंतर’ अशी खूण केली. परिसंवाद ऐन रंगात आला होता. विषय होता, ‘उद्योजक आपल्याकडे का फिरकत नाहीत?’ कुणी म्हणालं, त्यांना दृष्टीच नाही. कुणी म्हणालं, संशोधनाची कदर नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

 

“फिरकतात की साहेब,” क्लार्कबाई दारातूनच म्हणाल्या, “आपणच त्यांना बाहेर बसवून ठेवतो.”