फुगलेल्या शिरा

"पायाच्या शिरा फुगल्यात माझ्या, उभं राहवत नाही," असं म्हणत नवऱ्याने वर्षानुवर्षं ना भांडी घासली, ना भाजी आणली. बायपासला त्याच पायाची शीर काढून हृदयाला जोडणार म्हटल्यावर बायकोला घोर लागला. असली शीर टिकणार तरी किती?

ऑपरेशन झालं आणि सर्जन हसतच बाहेर आले. "अहो, काय सुरेख शीर निघाली पायाची! फुगवटा तर नावालाही नाही. पंधरा वर्षं आरामात टिकेल."

आयसीयूत नवऱ्याने डोळे किलकिले केले. "वाचलो का गं मी?"

तिने मायेने त्याच्या कपाळावरून हात फिरवला.



"ऑपरेशनमधून वाचलात. आता गाठ माझ्याशी आहे."