शेजारी कोण बसणार?

"काका, पॅन कार्ड जरा खाली धरा, चेहरा झाकला जातोय."

क्रिप्टो एक्स्चेंजवर खातं उघडणाऱ्या प्रत्येकाला व्हिडिओ कॉलवरच्या तपासणीत विचारायचा प्रश्न मी स्क्रीनवरच्या दाभाडेकाकांनाही विचारला. "शेजारी बसून कोणी सांगतंय का?"

"शेजारी कोण बसणार? ही जाऊन वर्ष झालं."

"मग हे खातं कोणी सुचवलं?"

"फोनवर ओळख झालेल्या एका बाईंनी. रोज विचारतात, जेवलात का."

मी आवाज खाली आणला. "काका, अशी माणसं पैसे मिळाले की गायब होतात. मला अर्ज नाकारावा लागेल."

"ते कळतं गं मला." कार्ड खिशात ठेवत ते म्हणाले, "एक पैसाही पाठवणार नाही मी. पण नाकारू नकोस. तपासणी चालू आहे, असंच राहू दे. तोवर त्या फोन करतील."